वॉली पार्क्स
वॉली पार्क्स (२३ जानेवारी, १९१३:गॉल्ट्री, ओक्लाहोमा, अमेरिका - २८ सप्टेंबर, २००७:बरबँक, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन मोटार क्रीडा संघटक व संपादक होते. नॅशनल हॉट रॉड असोसिएशन (एनएचआरए) या संस्थेचे ते संस्थापक आणि पहिले अध्यक्ष होत. सार्वजनिक रस्त्यांवर चोरून होणाऱ्या मोटार शर्यतींना नियमबद्ध व तुलनेने सुरक्षित अशा ड्रॅग शर्यतीचे रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते.

सुरुवातीचे जीवन

पार्क्स लहान असतानाच त्यांचे कुटुंब कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. तरुणपणी ते तेथील वाळवंटातील कोरड्या सरोवरांच्या सपाट पात्रांत होणाऱ्या वेगचाचण्यांकडे ओढले गेले. जुन्या मोटारी स्वतः सुधारून त्यांचा वेग वाढवणाऱ्या तरुणांच्या मंडळांनी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. पार्क्स तिच्या आरंभीच्या सदस्यांपैकी होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी सैन्यात सेवा केली. युटामधील बॉनव्हिलच्या मिठागरावर १९४९ मध्ये झालेल्या पहिल्या वेग सप्ताहाच्या आयोजनात त्यांचा मोठा वाटा होता.

एनएचआरएची स्थापना

युद्धानंतर रस्त्यावरील शर्यती वाढल्या. अपघातांमुळे पोलीस, वृत्तपत्रे आणि सामान्य नागरिक अशा मोटारींच्या चालकांकडे गुंड म्हणून पाहू लागले. केवळ बंदी घातल्याने शर्यती थांबणार नाहीत, त्यांना स्वतंत्र जागा आणि नियम हवेत, अशी पार्क्स यांची भूमिका होती. 'हॉट रॉड' मासिकाचे संपादक या नात्याने त्यांनी तिचा पाठपुरावा केला आणि १९५१ मध्ये एनएचआरएची स्थापना केली.

संस्थेची पहिली अधिकृत शर्यत एप्रिल १९५३ मध्ये पोमोना येथील जत्रेच्या मैदानाच्या वाहनतळावर, स्थानिक पोलिसांच्या सहकार्याने झाली. १९५४ पासून 'ड्रॅग सफारी' हे पथक गावोगाव जाऊन शर्यती भरवण्याचे प्रशिक्षण देऊ लागले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्ससमधील ग्रेट बेंड येथे झाली. पावसामुळे तिची अंतिम फेरी नंतर ॲरिझोनात घ्यावी लागली.

शर्यतीचे स्वरूप

ड्रॅग शर्यतीत दोन मोटारी थांबलेल्या स्थितीतून सरळ धावपट्टीवर सुटतात. धावपट्टीचे पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर असते. एनएचआरएने शर्यतीपूर्वी मोटारीची तांत्रिक तपासणी सक्तीची केली. वजन, इंजिन आणि केलेले बदल यांनुसार गट पाडल्यामुळे रोजच्या वापराची मोटार असलेल्या नवख्यालाही आपल्या तोडीच्या स्पर्धकाशी शर्यत लावता आली. पुढे रूढ झालेल्या 'ब्रॅकेट' पद्धतीत चालक स्वतःचा अपेक्षित वेळ आधी जाहीर करतो आणि संथ मोटारीला त्या फरकाइतके आधी सोडले जाते. जाहीर वेळेपेक्षा लवकर पोचणारा सहसा बाद होतो. त्यामुळे खर्चिक इंजिनापेक्षा चालकाच्या सातत्याला महत्त्व आले.

टीका

वाढता वेग व सुरक्षितता ही कारणे देऊन एनएचआरएने १९५७ मध्ये नायट्रोमिथेन इंधनावर बंदी घातली. हा निर्णय अनेक स्पर्धकांना रुचला नाही व त्यांपैकी काही इतरत्र होणाऱ्या शर्यतींकडे वळले. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात ही बंदी उठली.

वारसा

पार्क्स १९८४ मध्ये अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. एनएचआरएच्या विजेत्यांना मिळणारे मानचिन्ह 'वॉली' या नावाने ओळखले जाते. पोमोना येथील मोटार क्रीडा संग्रहालयासही त्यांचे नाव देण्यात आले आहे.