हलवायाचा मुलगा, रंगभूमीचा धनी : शार्ल सिमों फावार

ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवून पद रचायचे, ही रीत आपल्याला अण्णासाहेब किर्लोस्करांमुळे घरची वाटते. ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले १८८० साली. त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी पॅरिसमध्ये फावार हेच करत होता.

त्याचा जन्म १७१० चा. वडील केक-मिठाई करणारे; त्यांच्या मागे हे दुकान त्यानेही काही काळ चालवले. जत्रेतल्या रंगमंचासाठी तो संगीतिका लिही. १७४१ च्या एका नाटकाने त्याचे नाव झाले. १७४५ मध्ये गुणी नटी-गायिका ज्युस्तीन हिच्याशी लग्न झाले, आणि त्याच वर्षी मातब्बर मंडळ्यांच्या मत्सरापायी त्याचे ओपेरा-कोमिक थिएटर बंद पडले.

मग सेनापती मोरिस द साक्सने त्याला फ्लँडर्सच्या छावणीत नाटक कंपनी चालवायला बोलावले. रोकूच्या लढाईच्या आदल्या रात्री रंगमंचावरूनच गाण्यात जाहीर झाले म्हणतात की, उद्या लढाई असल्याने खेळ नाही, परवा विजयाचा खेळ! आम्हाला हा किस्सा फार आवडतो. पण पुढचे वाचून हसू मावळते.

सेनापतीची नजर ज्युस्तीनवर होती. ती छावणी सोडून पॅरिसला निघून आली. मग राजाच्या सहीशिक्क्याची अटकपत्रे निघाली. फावारला लपावे लागले. तळघरात दिव्याच्या उजेडात पंखे रंगवून तो पोट भरी, असे सांगतात. ज्युस्तीनला मठात कोंडले. १७५० मध्ये सेनापती वारला, तेव्हा कुठे दोघांची सुटका झाली.

त्यानंतरची वर्षे मात्र दोघांची. १७५३ च्या ‘बास्तियें आणि बास्तियेन’मध्ये ज्युस्तीन साध्या लोकरी झग्यात, लाकडी खडावा घालून आली. खेडवळ पोरीला रेशमात नटवणाऱ्या त्या काळात हे धाडसच होते. या नाटकाच्या लेखकांत तिचेही नाव आहे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. याच कथेवर पुढे बारा वर्षांच्या मोझार्टने संगीतिका रचली. फावारच्या ‘तीन सुलताना’ या १७६१ च्या नाटकातही नायिका ज्युस्तीनच होती.

ती १७७२ मध्ये गेली. तो तिच्यामागे वीस वर्षे जगला. पॅरिसचे ओपेरा-कोमिक थिएटर दोनदा जळाले, दोनदा उभे राहिले. आजही त्या वास्तूला साल फावार म्हणतात.