मुहूर्ताची बेडी तोडणारे जोतिराव

लग्नसराई आली की आपल्या वस्त्यांतून पत्रिका फिरू लागतात. वर तथागत बुद्धांचे चित्र, खाली एका बाजूला महात्मा फुले, दुसऱ्या बाजूला बाबासाहेब. विवाह बौद्ध पद्धतीने होणार असे ठळक अक्षरात छापलेले असते. पण ती तारीख कशी ठरली, हे घरात जाऊन विचारले तर अनेकदा यजमान ओशाळतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात विवाह मुहूर्त म्हणून जे दिवस दिलेले असतात, त्यातलाच एक दिवस गुपचूप निवडलेला असतो. कुणी सांगतो, हॉल त्याच दिवशी मिळाला. कुणी सांगतो, पाहुण्यांची इच्छा होती. पण ज्या दिवशी कॅलेंडरात मुहूर्त नाही त्या दिवशी तोच हॉल रिकामा असतो आणि भाड्यातही सूट मिळते, हे सर्वांना माहीत असते.

दारातून भटजीला निरोप दिला, पण त्याचे पंचांग खिडकीतून पुन्हा घरात आले. म्हणूनच या पंचांगाविरुद्ध दीडशे वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या माणसाचे चरित्र पुन्हा सांगण्याची गरज आहे. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर ज्यांना गुरू मानले आणि १९४६ साली शूद्रांच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ ज्यांना अर्पण केला, ते महात्मा जोतिराव फुले.

जोतिरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. पेशवाई बुडून जेमतेम नऊ वर्षे झाली होती. राज्य गेले तरी पुण्याच्या समाजावरची भटशाहीची पकड सुटलेली नव्हती. आई चिमणाबाई लहानपणीच गेल्या. सगुणाबाईंनी त्यांना सांभाळले. वडील गोविंदरावांचा फुलांचा आणि शेतीचा व्यवसाय होता. माळ्याच्या पोराने शिकून काय करायचे, असे लोकांनी मनात भरवल्यामुळे शाळा मध्येच सुटली. शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. त्याआधीच, १८४० साली, नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या कन्या सावित्रीबाईंशी त्यांचे लग्न झाले होते. काळाच्या रीतीप्रमाणे ते बालविवाहच होते.

त्यांच्या आयुष्याला वळण लागले तेही एका लग्नात. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत ते चालत होते. शूद्राने आमच्या बरोबरीने चालावे काय, म्हणून वरातीतल्या लोकांनी त्यांचा पाणउतारा केला. वरात मंगल होती, मुहूर्त शुभ होता, आणि एका माणसाला माणूस म्हणून चालण्याचा हक्क त्या शुभ घटकेत नव्हता. ज्या व्यवस्थेत काळ शुभ आणि अशुभ ठरतो, त्याच व्यवस्थेत माणूसही शुभ आणि अशुभ ठरतो, ही गोष्ट त्या दिवशी जोतिरावांना अंगावर झेलावी लागली.

त्याच वर्षी त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. १८४९ साली समाजाच्या दडपणामुळे वडिलांनी दोघांना घराबाहेर काढले. पुढे अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. १८६८ साली आपल्या घरचा हौद त्यांनी अस्पृश्यांना खुला केला. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी दत्तक घेतले. तोच यशवंत. विधवा समोर आली तर अपशकुन आणि तिचे मूल म्हणजे कलंक, असे मानणाऱ्या शहरात त्यांनी त्या मुलाला आपले नाव दिले.

आता पंचांगाकडे येऊ. पंचांग म्हणजे पाच अंगे: तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. चंद्र सूर्यापेक्षा बारा अंश पुढे सरकायला जितका वेळ लागतो ती एक तिथी. अशा तीस तिथींचा एक चांद्रमास. नक्षत्रे सत्तावीस, योग सत्तावीस, करणे अकरा. यातला बराच भाग आकाशाच्या गणिताचा आहे आणि गणिताशी कुणाचे भांडण नाही. शेतकऱ्याला, कोळ्याला चंद्रकला कळाव्यात हे उपयोगाचेच आहे. भांडण त्यापुढच्या पायरीशी आहे. व्यतिपात योग वाईट, विष्टी करण म्हणजे भद्रा, ते वाईट, मूळ नक्षत्रावर जन्मलेले मूल घराला जड, गुरू-शुक्राचा अस्त असताना लग्न नको, मुलीला मंगळ असेल तर ती नवऱ्याला खाते, हे कोणत्या गणितातून निघाले? चंद्र बारा अंश सरकला हे मोजता येते. तो सरकल्यामुळे मुलीचा संसार मोडेल हे कुणी मोजलेले नाही. ते सांगितलेले आहे. आणि जो सांगतो त्याला त्याची दक्षिणा मिळते.

गावगाड्यात हे सांगण्याचा मक्ता ग्रामजोशाकडे असे. त्याचे वतन वंशपरंपरेचे होते. पाडव्याला वर्षफळ वाचायचे, पेरणीचा दिवस सांगायचा, बारशाला पत्रिका करायची, लग्नाचा मुहूर्त काढायचा आणि प्रत्येक कामाला धान्य, पैसा, शिधा घ्यायचा. यजमानाला त्याला टाळून दुसऱ्याकडे जाण्याची मोकळीक नव्हती, कारण तो वतनदाराचा हक्क होता. महारवाड्यात तर त्याचे पाऊलही पडत नसे. आपल्या आज्या-पणज्यांनी सांगितलेले आठवा. जोशी लांब उभा राहून तिथी सांगे आणि दक्षिणा तेवढी घेऊन जाई. माणसाचा स्पर्श विटाळ, पण त्याच्या कनवटीचा पैसा पवित्र!

जोतिरावांनी ही लूट नुसती शब्दांनी निंदली नाही, तिचा हिशेब मांडला. १८६९ साली ब्राह्मणांचे कसब हे पुस्तक काढून त्यांनी जन्मापासून मरणापर्यंत भटजी शूद्राच्या घरी कोणकोणत्या निमित्ताने येतो हे पोवाड्याच्या ढंगात दाखवले. १८७३ साली गुलामगिरी प्रसिद्ध झाले. १८८३ साली लिहिलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी कुणब्याच्या घराचे सगळे वर्ष उलगडले. मूल पोटात असल्यापासून विधी, जन्मले की पत्रिका, ग्रह वाईट निघाले की जप, शनी निघाला की दान, सण आला की शिधा, ग्रहण लागले की दान, घर बांधले की शांत, आणि माणूस मेल्यावर श्राद्ध. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे शोधताना त्यांनी सरकारी सारा आणि सावकाराइतकाच हा धर्माचा साराही तपासला. अंधश्रद्धेकडे त्यांनी अडाण्यांचा मूर्खपणा म्हणून पाहिले नाही. ते शोषणाचे साधन आहे, हे त्यांनी ओळखले. म्हणूनच फसणाऱ्याला हसत न बसता त्यांनी फसवणाऱ्याचा हात धरला.

पण टीका करून माणूस मोकळा होत नाही. लोकांना लग्न तर करायचेच होते. ते कसे करायचे? २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे त्याचे मुख्य सूत्र होते. तीन महिन्यांत, २५ डिसेंबर १८७३ रोजी, भटजीशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लागला. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला. विडासुपारीच्या किरकोळ खर्चात लग्न पार पडले. पुढच्या वर्षी ग्यानोबा ससाणे यांचे लग्न याच पद्धतीने झाले.

आज आपल्याला यात काय मोठे, असे वाटेल. पण त्या काळच्या नवऱ्या मुलाच्या आईच्या जागी उभे राहून पाहा. मुहूर्त न पाहता लावलेले लग्न टिकेल काय, पहिले मूल जगेल काय, जातीचे लोक पंगतीला बसतील काय, या भीतीने तिचा जीव गोळा झालेला असे. त्या भीतीवरच तर सगळा धंदा उभा होता. त्या जोडप्यांनी ती भीती पत्करून पाऊल टाकले.

या नव्या विवाहात वर आणि वधू सर्वांना कळेल अशा मराठीत एकमेकांना वचने देत. स्त्रीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न वधूच विचारी आणि तिच्या हक्कांसाठी झटण्याची जबाबदारी वर जाहीरपणे घेई. जोतिरावांनी स्वतः नवी मंगलाष्टके रचली आणि १८८७ साली सर्व विधींचे छोटे पुस्तकच छापून लोकांच्या हाती दिले. ज्याला वाचता येते तो विधी करू शकतो, इतके सोपे. भटजीचा मंत्र कुणाला कळू नये यात त्याची सत्ता होती. जोतिरावांचा मंत्र सर्वांना कळावा यात त्यांचा धर्म होता.

वतनदार गप्प बसणार नव्हते. जुन्नर तालुक्यातील ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांनी १८८४ च्या सुमारास जोशाला न बोलावता घरचे लग्न लावले. ग्रामजोशी कोर्टात गेला. त्याचे म्हणणे असे की मला बोलवा किंवा न बोलवा, माझी दक्षिणा मला मिळालीच पाहिजे. काम न करता मजुरी मागणारा असा दावा दुसऱ्या कुठल्या धंद्यात कुणी केला असता तर लोक हसले असते. पण धर्माच्या नावाने तो गंभीरपणे लढवला गेला. जोतिराव पाटलांच्या पाठीशी उभे राहिले. न बोलावलेल्या पुरोहिताच्या या कमाईवर कायद्याने पाणी सोडायला १९२६ साल उजाडले. त्या वर्षी मुंबई इलाख्यात असे वतनी हक्क रद्द करणारा कायदा झाला. म्हणजे एका साध्या लग्नाने उपस्थित केलेला प्रश्न सुटायला चाळीस वर्षे लागली.

जोतिराव स्वतः तसे वागले, हे महत्त्वाचे. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांनी यशवंताचे लग्न त्याच ग्यानोबा ससाण्यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने लावले. विधवेच्या दत्तक मुलाला मुलगी देणारा बाप हा स्वतः भटजीशिवाय लग्न केलेला माणूस होता. पंधरा वर्षांपूर्वी लावलेल्या रोपट्याला असे फळ आले. जोतिराव तेव्हा पक्षाघाताने खिळलेले होते. उजवा हात निकामी झाला होता. डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरे केले. जन्म, लग्न, मृत्यू आणि आकाशातील ग्रह यांविषयीचे प्रश्न त्यात त्यांनी बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. १८९१ साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले.

हा वारसा त्यांच्याही मागे अडीच हजार वर्षे जातो. पाली साहित्यात नक्खत्त जातक आहे. शहरातल्या एका कुटुंबाने गावातल्या मुलीशी लग्न ठरवले आणि ऐन दिवशी एका आजीवकाला नक्षत्र विचारले. आपल्याला आधी विचारले नाही म्हणून तो चिडलेला होता. त्याने आज योग नाही असे सांगून टाकले. वऱ्हाड गेले नाही. मुलीकडच्यांनी वाट पाहून त्याच मांडवात दुसऱ्या मुलाशी लग्न लावून दिले. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड पोहोचले ते भांडायला. नक्षत्राची वाट पाहणाऱ्याच्या हातून हित निघून जाते, हा त्या कथेचा बोध आहे. भिक्खूंनी ग्रहनक्षत्रे सांगून पोट भरू नये, असेही ब्रह्मजाल सुत्तात बजावलेले आहे.

आणि आपण काय करतो? आपल्या लग्नात महामंगल सुत्त म्हणतो. मंगल कशात आहे, याचे उत्तरच ते सुत्त देते: आईवडिलांची सेवा, बायकापोरांचा सांभाळ, विद्या, कला, निर्दोष काम. त्या यादीत एकही ग्रह नाही, एकही नक्षत्र नाही. ते सुत्त ज्या मांडवात म्हणायचे त्या मांडवाची वेळ मात्र आपण पंचांगातून काढतो. विवाहाचा कायदाही वधूवरांचे वय विचारतो, आधीचा जोडीदार हयात आहे काय हे विचारतो. रास विचारत नाही.

काही जण म्हणतील, एवढ्याने काय बिघडते? दिवसच तर पाहिला. बिघडते ते असे. मुहूर्ताचा दिवस मानला की मुहूर्त सांगणारा मानावा लागतो. तो मानला की पत्रिका आली, पत्रिका आली की मंगळ आला, आणि मंगळ आला की एखादी शिकलेली, नोकरी करणारी लेक नाकारली जाते. उद्या तिला स्वतःलाच वाटू लागते की आपल्यातच काही खोट आहे. जन्माने माणूस हीन ठरतो हे ज्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षे भोगले, त्यांनीच जन्मवेळेवरून आपल्या मुलीला हीन ठरवावे काय? जन्मजात जात नाकारायची आणि जन्मपत्रिका जपायची, हे दोन्ही एकत्र नांदू शकत नाही.

ज्योतिषाला तर अलीकडे प्रतिष्ठा मिळू लागली आहे. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय घेतला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. अशा वेळी विवेकाची राखण दुसरा कुणी करील, या भ्रमात आपण राहू नये.

यंदा घरात लग्न ठरले तर एक करू या. मुलामुलीची परीक्षा, पाहुण्यांची सुट्टी, हॉलचे भाडे, पाऊसपाणी पाहून तारीख काढू या. शक्य असेल तर कॅलेंडरात मुहूर्त नसलेलाच दिवस घेऊ या. वाचलेल्या पैशातून वस्तीतल्या एखाद्या मुलीची फी भरू या. आणि कुणी विचारले की मुहूर्त कुणी काढला, तर न ओशाळता जोतिरावांचे नाव सांगू या.