मिचीची भावंडे

‘मांगा’ या जपानी चित्रकथेचा आधुनिक पाया घालणारा ओसामू तेझुका शिकला मात्र वैद्यकी. जन्म १९२८ चा. बालपण गेले ताकाराझुका गावी. तेथील नाट्यमंडळीत पुरुषांची कामेही स्त्रियाच करीत (आपल्या बालगंधर्वांच्या नेमके उलट!). ते खेळ आई त्याला आवर्जून दाखवी. पुढे १९४५ साली ओसाकावर बॉम्ब पडले, त्यातून तो थोडक्यात वाचला.

वैद्यकीचा अभ्यास चालू असतानाच १९४९ साली त्याने ‘मेट्रोपोलिस’ काढली. फ्रिट्झ लांगचा त्याच नावाचा चित्रपट त्याने पाहिला नव्हता. त्यातले एक छायाचित्र तेवढे पाहिले होते. कथेतले मिची हे प्रयोगशाळेत घडवलेले मूल. गळ्यातली कळ दाबली की मुलाची मुलगी, मुलीचा मुलगा! ते आईबापांना शोधीत हिंडते. आपण माणूसच नाही हे कळताच यंत्रमानवांचे बंड उभारते आणि अखेर विरघळून जाते.

१९५२ पासून गाजलेला अ‍ॅटम हा मिचीचाच धाकटा भाऊ म्हणावा. मेलेल्या मुलाच्या जागी बापाने त्याला घडवले, आणि वाढत नाही म्हणून सर्कशीला विकले. १९५३ च्या ‘रिबन नो किशी’तील राजकन्या सफायरला तर मुलाचे आणि मुलीचे अशी दोन हृदये. नटसंचही जुनाच: ‘मेट्रोपोलिस’मधला मिशाळ गुप्तहेर अ‍ॅटमचा मास्तर होऊन येतो.

तेझुका १९८९ साली वारला. २००१ मध्ये ‘मेट्रोपोलिस’वर देखणा चित्रपट निघाला. त्यात मिचीच्या जागी टिमा नावाची मुलगी आहे; गळ्यातली कळ मात्र गेली.