डॉ. वसंत रामजी खानोलकर

कर्करोगाचे नाव निघताच आमच्या भालकी, बसवकल्याण, आळंद या भागांतील वडीलधारी माणसे आवाज खाली आणतात. हा रोग म्हणजे दैवाचा कोप, ही समजूत अद्याप पुरती गेलेली नाही. रोगाचे कारण दैवात न शोधता माणसाच्या राहणीत शोधणाऱ्या एका थोर संशोधकाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

डॉ. खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी मिळवून ते मायदेशी परतले व मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन करू लागले. १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी वाहिली. रोगी कोठला, काय खातो, कोणते वस्त्र नेसतो, याची ते बारकाईने नोंद ठेवीत. मुखाच्या कर्करोगाच्या एक हजार रोग्यांचा त्यांचा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू व विडा चघळण्याच्या सवयीशी या रोगाचा संबंध त्यांनी दाखविला. कमरेला धोतर घट्ट आवळल्याने त्या जागी होणाऱ्या कर्करोगाचेही त्यांनी वर्णन केले. कुष्ठरोगावरील त्यांचे संशोधनही मोलाचे आहे.

१९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधिका त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडल्या. १९५५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९७८ साली त्यांचे निधन झाले.

आज संशोधकांची दृष्टी पेशीच्याही आत पोहोचली आहे. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात पुरुषी संप्रेरक पेशीतील एका प्रथिनाला चिकटते. ते प्रथिन इतर प्रथिनांशी हातमिळवणी करून वाढीचा हुकूम सोडते. प्रथिनांचेच लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, मध्ये घालून ही हातमिळवणी तोडता येईल काय, याचा शोध जगभर चालू आहे. असे बहुतेक उपाय अजून प्रयोगशाळेतच आहेत.

परंतु तंबाखूची चिमूट दूर सारावयास कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. बालमित्रांनो, घरी कोणाच्या तोंडातील जखम भरत नसेल, तर तिला दैव म्हणून गप्प बसू नका. त्यांना वेळीच डॉक्टरांकडे न्या. खानोलकरांचे खरे स्मरण तेच होय, असे आम्हांस वाटते.