हवालदार गोपाळबाबा वलंगकर

गावाच्या वेशीवर रात्र जागवणारा वेसकर आणि मुंबई इलाख्याच्या फौजेतील शिपाई, ही राखणीची दोन्ही कामे आपल्या महार समाजाच्या वाट्यास दीर्घकाल आली. पहिल्या कामाचा मोबदला दारोदार मागून आणलेल्या भाकरीचा; दुसऱ्याचा मात्र पगार, पेन्शन व अक्षरओळख असा होता. या दुसऱ्या वाटेने जे पुरुष पुढे आले, त्यांत महाडनजीकच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे अग्रेसर होत.

इंग्रजांची हिंदुस्थानातील फौज १८९५ पर्यंत बंगाल, मद्रास व मुंबई अशा तीन इलाख्यांच्या निरनिराळ्या सैन्यांची बनलेली होती. बंगालच्या फौजेत १८५७ पूर्वी उच्चवर्णीयांचा भरणा असे. मुंबईच्या पलटणींत महारांची भरती कंपनी सरकारच्या अमदानीपासून चालत आली होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे पडलेल्या शिपायांची जी नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत, त्यांत २२ नावे महारांची आहेत. पलटणींतून शाळा असत व शिपायांबरोबर त्यांच्या मुलांनाही तेथे शिक्षण मिळे. गावच्या शाळेची पायरी ज्यास वर्ज्य, त्याच्या हाती पाटी दिली ती पलटणीने. हे ध्यानात घेतल्यावाचून गोपाळबाबांचे पुढील कार्य नीट उमगणार नाही.

१८८६ साली हवालदार म्हणून पेन्शन घेऊन ते दापोलीस स्थायिक झाले. दापोलीच्या कॅम्पात महार व चांभार पेन्शनरांची वस्ती मोठी होती. पुढे सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंबही काही काळ तेथेच राहिले. गोपाळबाबांना विश्रांती घेता आली असती. परंतु जोतीराव फुले यांच्या विचारांनी ते भारले गेले होते. त्यांनी ‘दीनबंधु’ पत्रात लेख लिहिले, १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून उच्चवर्णीयांना अस्पृश्यतेच्या आधाराविषयी थेट प्रश्न विचारले, आणि दापोलीस ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ ही संस्था स्थापिली.

अशातच सरकारचे धोरण फिरले. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या रॉबर्ट्स यांचा ओढा उत्तरेकडील तथाकथित लढवय्या जातींकडे होता. भरती जातवार होऊ लागली आणि १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांना लष्कराचे दार बंद झाले. बुडाली ती केवळ नोकरी नव्हे. पुढल्या पिढीची शाळाही तिच्यासवे गेली.

गोपाळबाबांनी १८९४ साली या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. आपले पूर्वज मूळचे क्षत्रिय, दुष्काळात अन्नासाठी भ्रष्ट ठरले, असा युक्तिवाद त्यांनी त्यात मांडला आणि आजवरच्या लष्करी सेवेचा दाखला दिला. हक्क मागण्यासाठी क्षत्रियत्वाचा आधार घ्यावा लागावा, हे आज आपल्या मनास रुचत नाही, आणि पुढील पिढीने तो मार्ग सोडला हे योग्यच झाले. तथापि जातीवरून भरती करणाऱ्या सरकारशी बोलावयाचे, तर त्याच्याच भाषेत बोलणे त्यांना प्राप्त होते. पेन्शनीवर पोट असलेल्या माणसाने त्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध लेखणी उचलावी, यास लागणारे धैर्य रणांगणावरील धैर्याहून उणे म्हणता येणार नाही.

१८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा शेजारी बसावयाचे कसे, म्हणून स्पृश्य मंडळींत नाराजी पसरली. १९०० साली गोपाळबाबा निवर्तले.

त्यांनी आरंभिलेली मागणी १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा सरकारपुढे ठेवली. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज भासताच, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरल्यावर १९२१ साली ती मोडण्यात आली. अखेर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नांना यश येऊन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास महार रेजिमेंटची स्थापना झाली. रावढळच्या हवालदारास जाऊन तोवर ४१ वर्षे लोटली होती.