माईक हेलवूड: अकरा वर्षांनंतरची शर्यत

मोटारसायकलची जागतिक ग्रां प्री आपल्या कॅनडात आजवर एकदाच झाली. तारीख ३० सप्टेंबर १९६७, जागा टोरांटोच्या पूर्वेला असलेला मोस्पोर्टचा ट्रॅक. त्या एका दिवसात माईक हेलवूड नावाच्या २७ वर्षांच्या इंग्रज माणसाने २५० आणि ५०० सीसी अशा दोन्ही शर्यती जिंकल्या आणि तरीही ५०० सीसीचं जगज्जेतेपद गमावलं! इटलीचा आगोस्तिनी दुसरा आला आणि त्याला तेवढं पुरलं. दोघांचे गुण सारखे, विजयही पाच-पाच, पण दुसरे क्रमांक आगोस्तिनीचे एकाने जास्त. त्याच महिन्यात मोंझाला हेलवूड आघाडीवर असताना शेवटच्या काही फेऱ्यांत त्याच्या होंडाच्या गिअरबॉक्सने दगा दिला नसता, तर चित्र वेगळं असतं.

आता तुम्ही म्हणाल, दिवाळी अंकात हे काय? सांगतो. सस्काटूनमध्ये मोटारसायकल चालवायचे महिने जेमतेम सहा. उरलेले सहा महिने गाडी गॅरेजमध्ये आणि बॅटरी बेसमेंटमध्ये. बाहेर उणे तीस असताना माझ्यासारखा पुण्याचा टू-व्हीलरवाला करणार काय? जुन्या शर्यती पाहतो, वाचतो. या खेळात माणूस सुधारतो तो हाताने की डोक्याने, हा प्रश्न मला पडला, आणि त्याचं उत्तर शोधताना मी हेलवूडपाशी येऊन थांबलो.

त्याचा जन्म २ एप्रिल १९४० चा, ऑक्सफर्डजवळचा. वडील स्टॅन मोटारसायकलींचे मोठे विक्रेते, पैसा भरपूर. १९५७ साली पोरगा शर्यतीत उतरला तो उत्तम गाड्या घेऊनच. श्रीमंत बापाचा लाडका म्हणून लोकांनी नाकं मुरडली. पण गंमत पाहा, इंग्लंडमधला हंगाम संपल्यावर बापाने त्याला थंडीत दक्षिण आफ्रिकेला शर्यतींना पाठवलं. म्हणजे इतरांच्या गाड्या झाकून ठेवलेल्या असताना हा सराव करत होता. पैशाने त्याला गाड्या मिळाल्या हे खरं, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट मिळाली ती म्हणजे वेळ. १९५८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत तो २५० सीसीमध्ये तिसरा आला.

टीटी म्हणजे काय ते समजल्याशिवाय हेलवूड समजणार नाही. हा ट्रॅक नाहीच मुळी. गावांतून, घरांच्या भिंतींना खेटून, डोंगरावरून जाणारा ६० किलोमीटरचा नेहमीचा रस्ता, दोनशेच्या वर वळणं. सगळे एकदम सुटत नाहीत, काही सेकंदांच्या अंतराने सुटतात. त्यामुळे ज्याच्याशी खरी लढत आहे तो बहुतेक वेळा दिसतच नाही. ताशी २०० किलोमीटरला गाडी सेकंदाला ५५ मीटर जाते. वळण दिसल्यावर विचार करायचा म्हटलं तर उशीर झालेला असतो. पुढची तीन वळणं आधीच डोक्यात तयार हवीत. शिवाय गाडी जाते तिथे, जिथे नजर जाते. भिंतीकडे पाहिलं की भिंतीकडेच! म्हणून भीती वाटत असताना नजर मोकळ्या रस्त्यावर ठेवणं, हे या खेळातलं सगळ्यात अवघड काम.

१९६१ मध्ये हेलवूडने एकाच आठवड्यात तीन टीटी जिंकल्या. चौथ्या शर्यतीतही आघाडीवर असताना इंजिन मोडलं. पुढच्या वर्षी ३५० च्या शर्यतीत टॉम फिलिस मरण पावला. ती शर्यत हेलवूडने जिंकली. फिलिसचा मित्र आणि हेलवूडचा संघसहकारी गॅरी हॉकिंग हा त्या वेळचा जगज्जेता होता. त्याने त्या मृत्यूनंतर मोटारसायकल सोडून दिली आणि वर्ष संपायच्या आत तो मोटार अपघातात गेला. हेलवूड मात्र चालवत राहिला. मला हॉकिंगचा निर्णय लगेच कळतो, हेलवूडचा नाही. तो बेफिकीर होता असं म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण बेफिकीर माणूस १९६२ ते ६५ अशी सलग चार वर्षं ५०० चं अजिंक्यपद राखत नाही.

१९६५ ची टीटी पाहा. पाऊस, ओला रस्ता. सारा'ज कॉटेज नावाच्या वळणावर आधी आगोस्तिनी पडला, पुढच्या फेरीत तिथेच हेलवूड. त्याने गाडी उचलली, वाकलेलं हँडल लाथा घालून सरळ केलं, उतारावरून ती चालू केली आणि फुटक्या काचेनिशी शर्यत जिंकली. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीला त्याच वळणावरून त्याला जावं लागत होतं! आम्ही सॉफ्टवेअरवाले सिस्टिम बंद पडली की रीस्टार्ट करतो, मेमरी साफ होते. माणसाची मेमरी अशी साफ होत नाही. ती बाजूला ठेवून पुढचं वळण घ्यावं लागतं.

१९६६ आणि ६७ मध्ये होंडाच्या गाडीवर २५० आणि ३५० ची अजिंक्यपदं त्याने पटकावली. एकूण झाली नऊ. पण ५०० ची होंडा म्हणजे ताकद अफाट आणि वळणावर बेभरवशाची. त्याच गाडीवर १९६७ च्या टीटीत त्याने ताशी १७५ किलोमीटरची फेरी मारली. तो विक्रम आठ वर्षं टिकला.

मग होंडाने शर्यतीतून अंग काढून घेतलं आणि हेलवूड मोटारींकडे वळला. १९७३ मध्ये कायलामीला जळत्या गाडीतून त्याने क्ले रेगाझोनीला बाहेर ओढलं, त्याबद्दल जॉर्ज मेडल मिळालं. १९७४ मध्ये न्यूरबर्गरिंगला पायाची हाडं मोडली. तो न्यूझीलंडला जाऊन राहिला.

आणि १९७८ मध्ये, वय ३८, अधू पाय, अकरा वर्षांनी तो आइल ऑफ मॅनला परत आला. नाव मोठं, गमवायलाही तेवढंच. ३ जूनला एका खासगी संघाच्या डुकाटीवर तो निघाला. जुना प्रतिस्पर्धी फिल रीड त्याच्या आधी पन्नास सेकंद सुटला होता. हेलवूडने त्याला रस्त्यावर गाठलं. रीडची होंडा पाचव्या फेरीत थांबली, हेलवूड जिंकला. त्याची सर्वांत वेगवान फेरी ताशी १७८ किलोमीटरची, म्हणजे सत्ताविशीतल्या स्वतःपेक्षाही जलद. टायर सुधारले होते हे मान्य. पण त्या दोनशे वळणांचा नकाशा काही डुकाटीने पुरवला नव्हता. तो अकरा वर्षं त्याच्या डोक्यातच होता. पुढच्या वर्षी सुझुकीवर त्याने चौदावी आणि शेवटची टीटी जिंकली, आणि मग थांबला.

२१ मार्च १९८१ च्या शनिवारी संध्याकाळी तो दोन मुलांना मोटारीत घेऊन फिश अँड चिप्स आणायला निघाला. साधा रस्ता, घराजवळचा. एका ट्रकने मनाई असलेल्या जागी वळण घेतलं. नऊ वर्षांची मिशेल जागीच गेली, हेलवूड दोन दिवसांनी. मुलगा डेव्हिड वाचला. ट्रकच्या ड्रायव्हरला शंभर पौंड दंड झाला.