खुर्ची सोडून बोललेला माणूस : सी. डी. देशमुख



आपल्या रायगडच्या मुलांना चिंतामणराव देशमुख माहीत असायलाच हवेत. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी झाला. घराणं रोह्याचं. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा.

चिंतामणराव अतिशय हुशार. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे केंब्रिजला शिकले व आय.सी.एस. परीक्षेतही पहिले आले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं. १९५२ च्या निवडणुकीत ते काँग्रेसकडून कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. स्टेट बँक आणि आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण त्यांच्याच काळातलं.

आता खरी परीक्षा इथे सुरू होते. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करायची घोषणा झाली. लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली. मंत्रिमंडळाचा एक नियम असतो : आत हवं तेवढं भांडा, बाहेर मात्र एकच सूर. पण चिंतामणरावांचं म्हणणं असं की, मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होताच झाला. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, असंही त्यांना वाटत होतं. मग गप्प बसायचं की बोलायचं? मंत्रिपदावर राहून सरकारवर टीका करणं त्यांना पटणारं नव्हतं. त्यांनी राजीनामा दिला आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत आपली बाजू स्पष्टपणे मांडली. नेहरूंना ते आरोप मान्य नव्हते.

मुलांना दुसरी बाजूही सांगूया. यशवंतराव चव्हाण पक्षातच राहिले, पक्षाची शिस्त पाळली, त्यासाठी लोकांचा रोषही पत्करला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, तेव्हा पहिले मुख्यमंत्री तेच होते. लोकांचा लढा, आतले प्रयत्न आणि असा एखादा राजीनामा, या सगळ्यांनी मिळून हे घडलं.

पद गेलं म्हणून चिंतामणराव रिकामे बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांनी शिक्षणाचं काम केलं. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार, १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचं निधन झालं.

वर्गात एक प्रश्न जरूर विचारा : आपल्या गटाचं चुकतंय असं वाटलं, तर गटात राहून बोलायचं की बाहेर पडून? उत्तर आपण सांगायचं नाही. मुलांना भांडू द्या. फक्त एवढं लक्षात आणून द्या, की चिंतामणरावांनी आधी खुर्ची सोडली आणि मग तोंड उघडलं.